मामांचा रेफरल कोड

लग्नात ५१ रुपयांचं पाकीट द्यायची हल्ली कुणाची छाती होत नाही. पण २०१७ च्या सप्टेंबरात गूगलनं ‘तेझ’ हे पैसे पाठवायचं अ‍ॅप भारतात आणलं, एक मित्र आणलात तर दोघांनाही ५१ रुपये देऊ म्हणून सांगितलं, आणि भल्याभल्यांना दहावीच्या वर्गातले बाकावरचे सोबती धडाधड आठवू लागले. वर्षानुवर्षं ज्याचं बरंवाईट विचारलं नाही त्याला सकाळी सकाळी ‘कसा आहेस रे?’ गेलं. त्यानं ‘मजेत’ टाइप करायच्या आत खाली लिंक येऊन पडली.

यात परक्या कंपनीला नावं ठेवून उपयोग नाही. त्याच वर्षी १४ एप्रिलला नागपुरात पंतप्रधानांनी भीम अ‍ॅपसाठी अशीच योजना जाहीर केली होती. माणूस आणणाऱ्याला १० रुपये, येणाऱ्याला २५. सरकारी काम म्हटल्यावर अट आलीच: नव्या माणसानं तीन निरनिराळ्या लोकांशी व्यवहार केल्याखेरीज पैसे सुटायचे नाहीत. म्हणजे मेहुण्याला अ‍ॅप घ्यायला लावून भागत नव्हतं. तो ते वापरतोय ना, हे बघत बसायचं. १० रुपयांत एवढी राबणूक रोजगार हमीवरचा मुकादमसुद्धा करून घेत नाही.

कंपनीचा हिशेब मात्र चोख. टीव्हीवर लाखो रुपये ओतून केलेली जाहिरात लागली की लोक चहा टाकायला उठतात. मावशीचा मेसेज आला तर उठून जायची सोय नाही, कारण दोन निळ्या खुणा तिला दिसतात आणि गणपतीत तोंडही दाखवायचं असतं. आपल्या भिडेला बाजारभाव आहे, हे आपल्याआधी त्यांना कळलं. अमेरिकेतल्या ड्रॉपबॉक्सनं तर रोकडसुद्धा दिली नाही. मित्र आणा, दोघंही फाइली साठवायला ५०० एमबी जास्तीची जागा घ्या! माणसांनी तेवढ्यावरही मित्र आणले.

पण २०१९ च्या दिवाळीची सर कशालाच नाही. तोवर ‘तेझ’चं ‘गूगल पे’ झालं होतं. दिवा, कंदील, झुमका, फूल आणि रांगोळी असे पाच शिक्के जमवले की २५१ रुपये. बाकीचे शिक्के पुष्कळांना मिळाले, रांगोळी मात्र मिळता मिळेना. मग बँकेतले अधिकारी, प्राध्यापक, निवृत्त तहसीलदार अशी वजनदार मंडळी ‘कुणाकडे जास्तीची रांगोळी आहे का हो?’ म्हणून ग्रुपाग्रुपांत हिंडू लागली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात त्या वर्षी चिमूटभर पांढरी रांगोळी पडली नव्हती. तामिळनाडूचे लोक यात सुखी. तिथं अशा बक्षीस योजनांवर १९७९ पासूनच कायद्यानं बंदी आहे.

पूर्वी विम्याचा एजंट घरी यायचा तेव्हा तो एजंट आहे हे चाळीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असायचं. त्याच्याकडे परवाना होता, बॅग होती, आणि तो जिना चढताना दिसला की बाबा घरी नसत. आता मामा येतात ते फक्त मामा म्हणून. ‘मी स्वतः वापरतोय, फार छान आहे’ असं लिहितात, आणि खाली कोड चिकटवतात. कोडात त्यांचं नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये.

केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांना बजावलं, की पैसे, सवलत, फुकटची वस्तू, काहीही मिळत असेल तर तसं ठळक सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलीत तर ५० लाखांपर्यंत. नट-नट्या आणि लाखो फॉलोअर्सवाले त्यात येतात. मामांना फॉलो करते फक्त मामी, त्यामुळे ते निर्धास्त आहेत.

तेव्हा वाचकहो, सरकार मामांपर्यंत पोहोचायची वाट बघू नका. लिंक खुशाल पाठवा, पण पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहा: मला इतके मिळणार, तुला इतके. तुमचा आकडा मोठा असेल तर निम्मा फरक आम्हाला द्या, आम्ही लगेच डाउनलोड करतो.