ड्यूटी नसलेला बूट

नगरजवळच्या भिंगारात हल्ली लग्न असो, साखरपुडा असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, पोरांच्या पायात बोट शूज दिसतात. तपकिरी चामडं, पांढराशुभ्र सोल, टाचेभोवती फिरलेली चामड्याची लेस आणि मोज्यांना सुट्टी. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरच्या आसपास. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार हे बायकांना तोंडपाठ असावं लागतं, तिथे पोरं ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून तजवीज करून हिंडतायत.

गावही कुठलं, तर लष्कराच्या कॅम्पाला लागून वाढलेलं. परेडचा बूट पीटीला चालत नाही आणि पीटीचा परेडला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बुटाला ड्यूटी असते. अशा गावात हा एकच गडी बिनकामाचा हिंडतोय.

त्याच्या मुलखात मात्र त्याला काम होतं, आणि चांगलं जोखमीचं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा पॉल स्पेरी आपल्या बोटीच्या ओल्या डेकवरून घसरून पाण्यात पडला. पुढे त्याने आपल्या कुत्र्याला, प्रिन्सला, बर्फावरून न घसरता पळताना पाहिलं. पंजा उलटा करून बघितला तर तळव्याला बारीक भेगा. साहेबाने चाकू घेतला आणि रबराच्या सोलला तशाच नागमोडी चिरा पाडल्या. 1935 साली बूट बाजारात आला, तोही कॅनव्हासचा; चामडं नंतर चढलं. 1939 मध्ये अमेरिकी नौदलाने तो खलाशांसाठी घेतला.

त्या बुटात एकही गोष्ट उगाच नाही. पाय वाकला की चिरा उघडतात, पाणी वाट काढतं आणि रबर लाकडाला धरतं. सोल पांढरा, कारण काळ्या रबराचे ओरखडे डेकवर उठतात. लेसची भोकं पितळी, खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून. लेस टाचेमागून फिरवलेली, कारण पुढून ओढली की अख्खा काठ पायाला आवळला जातो.

आता हेच भिंगारात आणा. चिरांमध्ये मुरमाची खडी जाऊन बसते आणि फरशीवर कचकच वाजते. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की सोल कुठला आणि ढेकूळ कुठलं ते काडीने उकरून ठरवावं लागतं. पांढरा रंग पाथर्डी रस्त्याच्या धुळीत संध्याकाळपर्यंत टिकला तर नशीब. भोकं मात्र गंजत नाहीत. गंजायला पाणी लागतं.

प्रकारही पोरांना माहीत नसतात, आणि दुकानदाराला ते सांगायचे नसतात. त्याच्या लेखी सटकन पाय जातो तो लोफर, विषय संपला. खरं तर दोन भोकांचा, पातळ सोलचा तो मूळ घराण्याचा. तीन भोकांचा, जाड दातेरी सोलचा धाकटा टिंबरलँडने गाजवला; बोटीपेक्षा रस्त्यावर जास्त चालणाऱ्यांची ती सोय. आमच्या रस्त्यांना घ्यायचाच तर तो. कॅनव्हासचा स्वस्त, धुता येतो आणि लवकर विटतो. एलएल बीनचा 1936 सालचा कॅम्प मॉक हा जवळचा भाऊबंद, तो बोटीपेक्षा रानात रमणारा. भिंगार कॅम्पात खरं तर त्याला मान मिळायला हवा होता, पण त्याचे फोटो तेवढे झकास येत नाहीत.

पोरांनाच का बोलायचं? अमेरिकेतल्या कॉलेजकुमारांनी हा उद्योग आपल्या आधी केलाय. 1980 साली श्रीमंती राहणीवर एक विनोदी हँडबुक निघालं, ‘ऑफिशियल प्रेपी हँडबुक’. लोकांनी ते थट्टा म्हणून वाचलं आणि खरेदीची यादी म्हणून वापरलं. बोट नसलेल्यांच्या पायात हे बूट घालायला त्या पुस्तकाचा हातभार मोठा.

आमच्या भागात पाण्यात उतरायच्या तयारीची एक वस्तू आहे, ती रणगाडा संग्रहालयात. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन श्विमवागेन. रस्त्यावर मोटार आणि नदी आली की मागचा पंखा खाली पाडून होडी. तीही आता कोरड्यात उभी आहे, पण तिने निदान एके काळी नोकरी केली.

आणि बोटीचे खरे बूट बघायचेच असतील तर नौकानयनपटू दत्तू भोकनळच्या पायाकडे बघा. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे गाव, म्हणजे दुष्काळाच्या बाबतीत आमचे सख्खे शेजारी. वडिलांबरोबर विहिरी खोदायला जाणारा हा पोरगा 2012 मध्ये सैन्यात गेला, पुण्याच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वल्हं हातात धरलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव हाकून तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण. ज्याच्या घरच्यांनी पाणी जमिनीखाली शोधलं, तो पाण्यावर दोन-दोन किलोमीटर शर्यती मारत होता.

अशा शर्यतीच्या नावेतले बूट नावेलाच स्क्रूने बसवलेले असतात. खेळाडू आपली पादत्राणं काठावर सोडतो, नावेत बसतो आणि मग त्या बुटांत पाय घालतो. जोर हाताचा दिसतो, पण खरा रेटा पायांचा. सरकत्या पाटावर मागे जाताना सगळी ताकद त्या बुटांवर पडते. टाच दोरीने बांधलेली असते, ती थोडीच उचलली जाते. नाव उलटली तर एका हिसक्यात पाय सुटले पाहिजेत म्हणून ही दोरी. हे बूट घालून लग्नाला जाता येत नाही. जायचंच तर नाव बरोबर न्यावी लागेल.

बोटीवर बूट लागतातच असंही नाही. कोकणात होड्यांवर पिढ्यान् पिढ्या अनवाणी पाय चालले. तिथल्या म्हाताऱ्या नाखव्याला तुम्ही डेकसाठी खास बूट दाखवलेत, तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.

तरीही बोट शूज घ्यायचेच असतील तर एक परीक्षा करून घ्या. सोल वाकवा, चिरा उघडतात का बघा. स्वस्तातल्या मालावर नुसत्या रेघा उठवलेल्या असतात. मग लेस पुढून ओढा. बाजूची वादी सरकून काठ आवळला तर बूट खरा. परवा बाजारात एका पोराने एवढंच केलं, तर दुकानदार हातातला चहा सांडत धावला.

“ओढू नको रे, तुटंल! ती शोला हाये.”