उमरीकरांसाठी काईटसर्फिंग : घरच्या परवानगीपासून नाकातल्या पाण्यापर्यंत

काईटसर्फिंग म्हणजे पायाखाली फळी घेऊन मोठ्या पतंगाच्या ओढीनं पाण्यावरून सरकत जायचा खेळ. प्रथम भूगोल. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीहून पश्चिमेला निघा की पूर्वेला, समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपासच पडतो. अमुक समुद्र आपला, तमुक परका असा दुजाभाव करायची सोयच नाही. तरी नवशिक्यानं गोव्यातलं मोरजी धरावं. पेडणे तालुक्यातलं हे मच्छीमारांचं गाव. शापोरा नदी इथंच समुद्राला मिळते आणि किनारा रुंद, वाळूचा आहे. आपटायचंच तर वाळू बरी. उमरीहून नांदेड, नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई आणि पुढं कोकण रेल्वेनं थिवी किंवा पेडणे. गाडी बदलायचा कंटाळा असेल त्यानं सोलापूर, कोल्हापूर, आंबोली असं रस्त्यानं जावं. घाटासाठी खिशात लिंबू ठेवावं.

आता घरची परवानगी. "गोव्याला चाललोय" एवढंच वाक्य बोलून थांबू नये. थांबलात की पुढचं वाक्य घरचे स्वतःच तयार करतात. "पतंग उडवायला चाललोय" म्हणालात तर डोक्यावरच्या परिणामाची चौकशी सुरू होते. "ऑलिंपिकचा खेळ शिकायला चाललोय" असं सांगावं. यात खोटं काही नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच्या शर्यती झाल्या, त्याही पॅरिसपासून दूर मार्सेयच्या समुद्रात. "मग तिथं पगार देतेत का?" असं आजी विचारील. त्या वेळी बॅग भरायला आत जावं.

पोहणं येत असावं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं चालतं, पण विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो हे ध्यानात ठेवा.

संक्रांतीचा अनुभव मात्र गच्चीवरच ठेवून यावा. हा पतंग कागदाचा नाही. मंद वाऱ्यात तो बारा चौरस मीटर किंवा त्याहूनही मोठा लागतो, म्हणजे भाड्याच्या खोलीएवढा. त्याची पुढची कड पंपानं हवा भरून फुगवतात, म्हणून पाण्यात पडला तरी तो बुडत नाही आणि पुन्हा उठवता येतो. ही युक्ती फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांची. 1984 साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. मांजा नाही, चकरी नाही. वीस ते चोवीस मीटरच्या, बहुधा चार दोऱ्या एका दांड्याला येऊन मिळतात आणि तो दांडा कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो. म्हणजे पतंग तुमच्या हातात नसून तुम्ही पतंगाच्या हातात असता. दुसऱ्याच्या दोरीत दोरी अडकली तर "कापलाऽऽ" म्हणून ओरडू नये. इथं कापलेल्या पतंगामागं पोरं धावत नाहीत, बोट पाठवावी लागते.

सगळ्यात अवघड धडा दांड्याचा. दांडा जवळ ओढला की ताकद वाढते, लांब सोडला की कमी होते. घाबरलेला माणूस काय करतो? हाताला लागेल ते छातीशी आवळतो. शेंदराच्या देवापासून बसच्या दांडीपर्यंत आपलं सगळं शिक्षण घट्ट धरण्याचंच झालेलं आहे. इथं घट्ट धरलं की माणूस उडतो. शिक्षक "सोड, सोड" ओरडतील तेव्हा ते तुमच्यावर रागावलेले नसतात. दांडा सोडूनही भागलं नाही तर सुटकेची कळ असते, बहुधा लाल रंगाची. ती पुढं ढकलली की पतंग एका दोरीवर लुळा पडतो. पाण्यात जाण्याआधी ती कळ डोळे मिटून सापडली पाहिजे.

पतंग उडवताना वाऱ्याकडं पाठ करा आणि समोर घड्याळ आहे असं समजा. बारा डोक्यावर, नऊ डावीकडं, तीन उजवीकडं. पतंग कडेनं वर न्यायचा. थेट समोर, घड्याळाच्या मध्यावर आला की सगळा जोर एकदम लागतो आणि शेजारच्या शॅकमधल्या पाहुण्यांना फुकटची करमणूक मिळते. पतंग धरून उभा राहणारा मदतनीस जाणता असावा. अंगठा वर केला म्हणजे 'सोड' हे त्याला ठाऊक हवं. ज्याला तो अंगठा फोटोसाठी वाटतो, त्याच्या हाती पतंग देऊ नये.

आणि वारा. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा आपण सगळ्यांनी समुद्र न पाहताच पाठ केला. मोरजीत तोच अभ्यासक्रम आहे. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडं जातो. त्या वेळी पतंग उडवला तर तुम्ही अरबस्तानाच्या दिशेनं निघता, म्हणून कोणी उडवत नाही. उमरीचा माणूस सवयीनं पहाटे पाचला उठून किनाऱ्यावर हजर होतो. तिथं कुत्री आणि मच्छीमार सोडून कोणी नसतं. ऊन चढून जमीन तापली की दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, तिरपा किनाऱ्याकडं येतो, आणि हाच कामाचा. ताशी बावीसेक किलोमीटरचा तरी हवा. हिवाळा सरत आला की उन्हाळ्यापर्यंत ही संधी असते, पावसाळ्यात नाव काढू नये.

तर दुपारपर्यंत बसायचं. परदेशी मंडळी मोबाइलवर वाऱ्याचे आलेख बघून कासावीस होतात. तुम्ही होऊ नका. मृगाच्या तोंडावर बियाणं घरात आणून आभाळाकडं बघत बसलेल्या माणसाला या खेळातला निम्मा अभ्यासक्रम आधीच येतो. शंका असेल तर होडीजवळ जाळं सांधत बसलेल्या काकांना विचारावं. "आज वारो ना," असं ते म्हणाले तर पट्टा सोडून जेवायला जावं. बांगडा खात नसाल तर पिशवीत शेंगाची चटणी असू द्या.

या काकांचा किनारा आधी, तुमचा नंतर. रापण ओढत असतील, म्हणजे समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं माणसं दोन्ही टोकांनी वाळूवर खेचत असतील, तर पतंग खाली. उलांडीच्या होडीजवळ दोऱ्या न्यायच्या नाहीत. तेंबवाड्याच्या भागात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वनखात्यानं तिथं कुंपण घातलेलं असतं, त्याच्या आसपास सामान पसरू नये. कासवीण शेकडो मैल पोहून येते, तुम्ही थिवीहून रिक्षानं.

प्रत्यक्ष पाण्यात आधी फळीच देत नाहीत. नुसता पतंग धरून पोटावर ओढून नेतात. याला शिक्षण म्हणतात. समुद्राचं पाणी नाकातून शिरून घशात उतरतं, डोळे चुरचुरतात, आणि त्याच वेळी पतंग बारावर आहे की दोनवर याचं उत्तर द्यायचं असतं. मग कधीतरी फळी पायात येते. पतंग खाली घुमवायचा, गुडघे पोटाशी, उठायचं. उठलात तर ओरडू नका, तोंड उघडलं की पुढची लाट आत येते.

परत आल्यावर कट्ट्यावर कोणीतरी हमखास विचारणार, "गोव्याला कामून जायलास? आपल्या गोदावरीत उडव की!" त्याला धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचं वेळापत्रक दाखवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे. म्हणजे पावसाळी वारा असतो तेव्हा पाणी तेलंगणात, आणि पाणी अडवायची वेळ येते तेव्हा वारा गेलेला. दोन्ही एकदम हवं असेल तर अर्ज दोन राज्यांकडं करावा लागेल, आणि सुनावणी दिल्लीत.