मृत्युपत्रवाले तात्या

ढोकीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात असा एक तरी तात्या बसलेला असतोच, ज्याच्या बंडीच्या आतल्या खिशात मृत्युपत्र असतं. आठ एकर सोयाबीन, एक विहीर, तेरणा कारखान्याचा शेअर आणि दोन पोरं. सकाळी पुण्याच्या थोरल्यानं फोन उचलला नाही की विहीर धाकट्याच्या नावे. दुपारी धाकट्यानं ट्रॅक्टरच्या हप्त्याचा विषय काढला की विहीर परत थोरल्याकडे. तिला पाणी नाही, हे कुणीच बोलत नाही. राग फारच अनावर झाला तर शेअर. कारखाना बंद होता त्या वर्षांत तर ही शेवटची शिक्षा होती.

कायदाही तात्यांच्याच बाजूचा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर सही करायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. आणि शेवटचं असेल तेच खरं! म्हणून तात्या तारीख ठळक घालतात. पूर्वी साक्षीला सोबतीचे म्हातारे घ्यायचे. ते एकेक करून गेले. ‘उद्या कोर्टात कोण सांगंल?’ म्हणून आता कॉलेजची पोरं पकडतात. एका सहीला एक चहा.

धाराशिवच्या वकिलांनी एकदा सांगितलं, ‘‘तात्या, जमीन वडिलोपार्जित. तुमच्या हिश्श्यापुरतंच लिहा. अन् २००५ पासनं लेकीचाही पोरांइतकाच हक्क आहे.’’

‘‘आधी सांगायचं न्हाई का? तिच्याशी पण गोड बोललो असतो!’’ त्या दिवाळीला लेकीला पैठणी गेली.

पण तात्यांची खरी अक्कल दिसली ती कुलमुखत्यारपत्रात. पुण्याचा थोरला म्हणाला, बँक-तलाठी मी बघतो, मला मुखत्यार करा. तात्यांनी वकिलांना एवढंच विचारलं, ‘‘मी गेल्यावर ह्या कागदाचं काय?’’

‘‘तुम्ही गेलात की तोही संपला.’’

तात्यांनी लगेच सही ठोकली. ज्याच्या हाती मृत्युपत्र त्याला घाई, ज्याच्या हाती मुखत्यारपत्र त्याला काळजी, हे त्यांनी आमच्यापुढं बोटं मोजून मांडलं. तेव्हापासून थोरला बीपीच्या गोळ्या पुण्याहून पाठवतो, लातूरला नेऊन छातीचा फोटो काढून आणतो, रोज रात्री फोन करून मीठ किती खाल्लं विचारतो.

हे पाहून धाकटा परवा कुरकुरला, ‘‘तात्या, मलाबी थोडं मुखत्यार करा की.’’

‘‘करतो. आधी गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख घे.’’