तुम्ही कोण, ते कलेक्टरांना विचारा

उज्जैनच्या फ्रीगंजात कुणाकडे बाळ झालं की बधाई मागायला किन्नर येतात. आशीर्वादाची ओढ थोडी, शापाची धास्ती जास्त, म्हणून नोटा मुकाट्याने बाहेर निघतात. त्या घडीला दाखला दाखवा असं म्हणण्याची छाती क्वचितच कुणाची होते. दाखला लागतो तो हक्क मागायला गेल्यावर. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ खटल्यात सांगितलं की, आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवावं, शस्त्रक्रियेची अट घालू नये. संसदेने 2019 साली कायदा केला, त्यात चौथ्या कलमात मान डोलावली आणि लगेच पुढच्या दोन कलमांत जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मागितलं. ‘तृतीयपंथी’ऐवजी स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल, तर सातवं कलम होतंच: आधी शस्त्रक्रिया, मग रुग्णालयाचं पत्र. तुम्हीच ठरवा, पण सही साहेबांची!

माणसाच्या स्वतःच्या शब्दावर सरकारने कधीच विश्वास ठेवला नाही, असं मात्र नाही. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नपुंसक कोण, तर जो तसं कबूल करील किंवा वैद्यकीय तपासणीत तसा दिसेल तो. संशयितांच्या यादीसाठी नपुंसक ठरायला त्याची जबानी पुरेशी होती. तीच जबानी खुर्चीसाठी अपुरी पडते, हे आपल्याच मध्य प्रदेशातल्या कटनीने पाहिलं. महापौरपद स्त्रियांसाठी राखीव होतं, मतदारांनी किन्नर कमला जान यांना निवडून दिलं आणि 2003 साली उच्च न्यायालयाने कायद्याच्या लेखी त्या पुरुष ठरतात म्हणून निवड रद्दच ठेवली. सोहागपूरच्या किन्नर शबनम मौसी त्याच सुमारास आमदार होत्या. विधानसभेत स्त्रियांसाठी राखीव जागाच नव्हत्या, तेव्हा त्या कोण हे ठरवण्याची कुणाला निकड वाटली नाही.

यावर शहाणी माणसं विचारतात, नुसत्या शब्दावर चाललं तर उद्या पुरुष साडी नेसून बायकांच्या जागा बळकावणार नाहीत का? शंका रास्त आहे, फक्त पुरुषांच्या कर्तबगारीचा तीत अपमान होतो. मध्य प्रदेशात पंचायतींपासून महापालिकांपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि त्या बळकावायला साडी लागत नाही, लग्न पुरतं. सरपंचपती, पार्षदपती ही पदं कोणत्याही कायद्यात नाहीत, तरी बैठकीत खुर्ची त्यांचीच. शिवाय खोटं तृतीयपंथी होऊन मिळवायचं काय? 2019 च्या कायद्याने आरक्षण दिलं नाही. तृतीयपंथीयावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा ठेवली, तर स्त्रीवरील बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षं होती. एवढ्या स्वस्त जिवासाठी घर तुटेल आणि नोकरी जाईल असं सोंग घेणारा भेटला, तर त्याला कलेक्टरांनी नव्हे, नाट्यसंमेलनाने प्रमाणपत्र द्यावं. आणि डॉक्टरांचं म्हणाल, तर ते शरीर तपासतात. समोरचा माणूस स्वतःला काय मानतो, हे कळायला त्यांनाही त्यालाच विचारावं लागतं.

शिक्क्याचा मोह सरकारी कचेरीपुरता नाही. 2016 च्या उज्जैन सिंहस्थात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींसह किन्नर आखाड्याने पेशवाईची मिरवणूक काढली, तेव्हा आखाडा परिषदेने बजावलं, आखाडे तेराच, चौदावा नाही. लोकांनी ते ऐकलं आणि दर्शनाला गर्दी केली. ‘नाल्सा’त स्वनिर्णयाची बाजू मांडणाऱ्या याच त्रिपाठी. जानेवारी 2025 मध्ये प्रयागराजला याच आखाड्याने अभिनेत्री ममता कुलकर्णींना महामंडलेश्वर केलं. आठवड्याभरात संस्थापक म्हणवणाऱ्या ऋषी अजय दासांनी त्रिपाठी आणि कुलकर्णी दोघींना काढल्याचं जाहीर केलं, तर त्रिपाठींचं म्हणणं, दासांनाच आम्ही आधी काढलंय.

आता 2028 चा सिंहस्थ येतोय. तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदार सांगेल ते लिंग लिहून घ्यावं आणि तपासणीची हौस उरलीच तर पार्षदपतींच्या खुर्च्या तपासाव्यात.