किमान 300 किलोमीटर

चंद्रपूरला पाहुणा येतो तो वाघासाठी. आमच्यासाठी कोणी येत नाही, आणि ते मनाला लावून घेणं आम्ही केव्हाच सोडलं आहे. फोनवर आधी वाघाची चौकशी होते, मग उन्हाची, आणि अगदीच वेळ उरला तर माझ्या आईच्या गुडघ्यांची. या मे महिन्यात पुण्याहून ताई, भाऊजी, ताईच्या सासूबाई आणि भाचा असा लवाजमा आला, तोही वाघासाठीच. सफारी बुधवारची मिळाली होती, कारण मंगळवारी ताडोबाच्या गाभा क्षेत्राला सुटी असते. आठवड्यातून एक दिवस माणसाचं तोंड बघायचं नाही, ही सवलत आमच्या भागात फक्त वाघाला आहे. (कमलापूरच्या सरकारी हत्तींनाही हिवाळ्यात पायांना औषधी लेप लावायला रजा मिळते. पण ती वैद्यकीय रजा. तिच्यात काय मजा?)

म्हणजे मंगळवार रिकामा. भाऊजींना रिकामा दिवस सोसत नाही. "गाडी करू आणि कुठेतरी जाऊन येऊ," ते म्हणाले.

भाच्याची याबाबत स्वतःची मतं होती. तो नुकताच मोरोक्कोला, अगादीरला जाऊन आला होता. तिथे म्हणे काउंटरवर जायचं, गाडीवर आधीपासून कुठे कुठे ओरखडे आहेत त्या कागदावर सही करायची, चावी घ्यायची आणि सुटायचं. सकाळी निघून तारूदांतची तटबंदी बघायची, वाटेत अरगानच्या झाडावर चढलेल्या शेळ्यांचे फोटो काढायचे, सूर्यास्ताला पुन्हा समुद्रावर. मध्ये कोणी बोलणारं नाही, थांबवणारं नाही. "मामा, इथे सेल्फ ड्राइव्ह मिळेल ना?"

मी त्याला गाडीवाल्याकडे घेऊन गेलो. गाडीवाले काका खुर्चीत बसून, कुलरसमोर पोट धरून वारा घेत होते.

"सेल्फची पाहिजे," भाचा म्हणाला.

"सेल्फ तं साऱ्याच गाड्यांले हाय जी," काका म्हणाले. "धक्का माराचं कामच नाई."

गैरसमज दूर व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा काकांना खरोखरच वाईट वाटलं. "गाडी द्याची अन् ड्रायव्हर नाई द्याचा? मंग गाडीले पाह्यणार कोन?" लेकीला पाठराखीण न देता सासरी धाडायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी ठरलं ते असं: अर्टिगा, ड्रायव्हरसह, दिवसाला किमान 300 किलोमीटरचे पैसे, त्यावर प्रत्येक किलोमीटरला जादा दर, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा.

भाऊजी आयुष्यभर हिशेब तपासत आले आहेत. 'किमान 300' हे शब्द ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं सहलीचं हसू गेलं. 200 फिरलो तर 100 किलोमीटरचे पैसे पाण्यात. 310 फिरलो तर दहाचा भुर्दंड. आता प्रश्न कुठे जायचं हा उरलाच नव्हता. चंद्रपूरपासून बरोबर 300 किलोमीटरवर, जाऊन येऊन, काय आहे, एवढंच शोधायचं होतं.

पहिला बळी गेला भद्रावतीचा. एकाच छोट्या गावात भद्रनागाचं देऊळ, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी, म्हणजे एका पेट्रोलमध्ये तीन धर्म. पण जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. "शुद्ध तोटा," भाऊजी म्हणाले. मग मी हेमलकसा सुचवलं. प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमटे 1973 साली जिथे गेले तिथे तेव्हा धड रस्ताही नव्हता. आता रस्ता आहे, पण अंतर 300 च्या पुष्कळ पुढे जातं, त्यामुळे भाऊजींना जादा दर आडवा आला.

भाच्याला माणिकगड पाहायचा होता. मी उत्साहाने सांगितलं की तिथून पुढे जिवती तालुक्यात महाराष्ट्र-तेलंगणाच्या वादात अडकलेली 14 गावं आहेत. एका घरात दोन रेशनकार्डं, गावात दोन सरकारांच्या शाळा, मतदान दोन्हीकडे. हे ऐकून ड्रायव्हरभाऊ पहिल्यांदा बोलले. "गाडीची पट्टी पिवळी हाय साहेब. तेलंगणात गेलो तं परमिट लागते. त्या गावात गेलो तं लागते का नाई, हे तिथल्या लोकायलेच मालूम नाई, मले कसं राहीन?" एवढा मोठा घटनात्मक पेच भाड्याच्या गाडीत बसून सोडवायचा नाही, असं ठरलं.

मग ड्रायव्हरभाऊंनीच मार्ग आखून दिला. मूल, मार्कंडा, चामोर्शी, आष्टी, चपराळ्याचा संगम, गोंडपिपरीवरून परत. "बसते बरोबर 300 मंधी," ते म्हणाले. कसं बसतं ते त्यांनी सांगितलं नाही.

हे भाऊ म्हणजे चालतं-बोलतं गॅझेटियर होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाहून नट-नट्यांना रात्री गावोगाव पोचवायचं काम त्यांच्याकडे. भाऊजी ज्या सीटवर बसले होते तिथे एक नामांकित हिरोईन बसत असे, हे त्यांनी निघाल्या निघाल्याच सांगितलं. नंतर दिवसभर आरशातून भाऊजींकडे बघताना त्यांच्या नजरेत एक निराशा असायची. 2015 ते 2021 या काळात चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा तर त्यांना उसंत नव्हती. वर्धा आणि गडचिरोली आधीच कोरडे, म्हणून लोक वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात वणीला जात. "साऱ्यायचं वणीले काम निंघे," भाऊ म्हणाले. "जाताना कोनी बोले नाई, येताना कोनी चूप बसे नाई." एकदिवसीय सहल म्हणून चंद्रपूरने जगाला काही दिलं असेल तर ते हेच.

मूल मागे पडलं आणि गाडी अचानक डांबरी रस्ता सोडून उजवीकडे वळली.

"शॉर्टकट?" भाच्याने विचारलं.

"सासुरवाडी," भाऊ म्हणाले. डिकीतून आमच्या पाण्याच्या कॅनमागून त्यांनी कुलरचा नवा पंप काढला. मेव्हण्याच्या घरचा पंप जळाला होता. मे महिन्यात, पारा 46 ला टेकलेला असताना, कुलरचा पंप जळणं म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला समजावता येत नाही. भाऊजींनी मीटर बघितला आणि वहीत नोंद केली: 'खाजगी, 7 कि.मी.'

मला सगळ्यात आवडलं ते इथून पुढचं. भाऊजी आमच्या घरचे जावई. आमच्याकडे ते आले की त्यांना कुलरसमोरची जागा, पहिलं ताट, पहिला आंबा. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे आणि त्यांना ते सृष्टीच्या नियमांपैकी वाटतं. पण या घरात जावई ड्रायव्हर होता. त्याच्यासाठी खाटेवर धुतलेली चादर अंथरली गेली, पाय धुवायला तांब्या आला, नवा पंप बसवलेला कुलर त्याच्याकडे वळवला गेला. भाऊजींना पाठ तडकलेली प्लास्टिकची खुर्ची मिळाली. ती थोडीशी उन्हात होती.

घरच्या म्हाताऱ्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "हे कोन व्हय जी?"

"गिऱ्हाईक हाय," जावयाने खाटेवरून सांगितलं.

पन्हं सगळ्यांना मिळालं, ते मात्र खरोखर उत्तम होतं. ड्रायव्हरभाऊंना मोठा ग्लास होता. भाऊजी ग्लासांकडे बघत होते. सासूबाई एव्हाना आत ओसरीवर बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या होत्या. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. पहाटे तोडून आणलेली पानं एकावर एक रचून, 70 पानांचा पुडा करून, सालीच्या दोरीने आवळून बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, न्यायचा. बायकांचे हात इतके झरझर चालले होते की मोजतात कधी हेच कळत नव्हतं. भाऊजींमधला हिशेबनीस जागा झाला. त्यांनी एक पुडा हातात घेऊन पानं मोजली. अडुसष्ट भरली. ती बाई हसली, पुडा घेतला, अंगठा फिरवला, म्हणाली, "दोन चिपकले हायेत." होतेच.

भाच्याने तेवढ्यात विचारून घेतलं, "जंगलात वाघ दिसतो का हो?"

"दिसू नये म्हणून तं पाच-सहा जणी मिळून जातो," ती म्हणाली, आणि पुढचा पुडा उचलला. मोह वेचायला, पानं तोडायला गेलेल्या माणसांच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. भाच्याने पुन्हा तो प्रश्न दिवसभरात कोणाला विचारला नाही.

जावयाचा पाहुणचार आटोपेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. त्यामुळे मार्कंड्याला आम्ही पोचलो ते भर दुपारी. देवळं काळाच्या ओघात बरीच पडली, मुख्य देवळाचं शिखर अठराव्या शतकात वीज पडून ढासळलं, तरी जे उभं आहे ते बघून माणूस गप्प होतो. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमसाहेब इथे येऊन सगळं टिपून गेले, ते बहुधा हिवाळ्यात आले असावेत आणि बूट काढायची सक्ती त्यांना नसावी. आम्हाला होती. फरसबंदीवर पाय ठेवताच भाऊजींच्या तोंडून महादेवाचं नाव न निघता दुसरंच काही निघालं. एका देवळाच्या सावलीतून दुसऱ्या देवळाच्या सावलीत असं ते उड्या मारत गेले. सहकुटुंब, रांगेने. दुरुस्तीच्या परांच्यांची सावली पट्ट्यापट्ट्यांची पडली होती. त्या पट्ट्यांवर पाय ठेवत सासूबाई मात्र शांतपणे चालल्या.

भिंतीवरची शिल्पं बघत त्या एका ठिकाणी थबकल्या. मार्कंड्याला लोक विदर्भाचं खजुराहो म्हणतात, ते काही उगाच नाही. भाऊजी घाईने पुढे झाले. "व्यायाम चाललाय, आई. प्राचीन काळचा."

"चष्मा आहे हो माझा डोळ्यांवर," सासूबाई म्हणाल्या आणि सावकाश सगळं पॅनेल पाहून घेतलं.

खाली वैनगंगा. इथे ती उत्तरवाहिनी होते म्हणून या जागेला पुण्य. मे महिन्यात मात्र पुण्य बारीक धारेने वाहतं. बाकी सगळी वाळू. चामोर्शीला आम्ही रसगुल्ले खाल्ले. भाच्याला आश्चर्य वाटलं, पण 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलं गेलं, आणि माणसांबरोबर छेनाही आला. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता बनते. भाऊजींनी डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिलं. "संगम कुठाय?"

"हाच जी," ड्रायव्हरभाऊ वाळूकडे बोट दाखवून म्हणाले. "पाणी पावसाळ्यात येते."

परतताना आष्टीच्या अलीकडे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली. एकामागे एक, लाल धुळीत न्हालेले. भाऊंनी इंजिन बंद करून झाडीपट्टीच्या नाटकातला एक अख्खा प्रवेश, बापाच्या आणि मुलीच्या दोन्ही आवाजांत, करून दाखवला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा रेकॉर्ड करायला विसरला. भाऊजी म्हणाले, "गाडी उभी आहे तोवर मीटर फिरत नाही, हे बरं."

रात्री नऊच्या पुढे जटपुरा गेटपाशी आलो तेव्हा वहीत 287 भरले होते. मी उतरायला दार उघडलं. भाऊजींनी ते पुन्हा लावून घेतलं. तेरा किलोमीटरचे पैसे देऊन ते न फिरणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. मग आम्ही झोपलेल्या सासूबाईंना घेऊन गोंड राजांच्या परकोटाभोवती फिरू लागलो. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर या चार वेशी झाल्या. मग खिडक्या सुरू झाल्या: बगड खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी. मसाण खिडकीपाशी ताई म्हणाली, "पुरे आता." चोर खिडकीशी 300 भरले. तारूदांतची तटबंदी भाच्याने दिवसा पाहिली होती. ही त्याने रात्री, पेंगत, पूर्ण पाहिली.

गाडीवाले काका जागेच होते. भाऊजींनी वही पुढे केली, रकाने दाखवले, 'खाजगी 7' वजा करायची सूचना केली. काकांनी वही न बघता बिल लिहिलं. वर पन्नासेक किलोमीटर जादा.

"गाडी राह्यते घुग्घुसले," ते म्हणाले. "गॅरेज ते गॅरेज मोजतो आम्ही. साऱ्या गावात असंच हाय."

"मग मघाशी ते तेरा..." भाऊजींना बोलवेना.

"ते कायले फिरले, मलेही समजलं नाई," ड्रायव्हरभाऊ सहानुभूतीने म्हणाले. "पण शहर चांगलं दाखोलं मी आजीले."

बुधवारी पहाटे मोहर्लीच्या गेटातून जिप्सी आत शिरली. फोन गेटवरच जमा झाले होते. पहिल्याच वळणावर वाघीण मधोमध रस्त्यात पसरली होती, कान हलवत, आम्हाला काडीची किंमत न देता. गाईडने ओठांवर बोट ठेवलं. ताईने माझं मनगट आवळलं, भाचा पुतळा झाला, सासूबाईंनी हात जोडले. अर्धा तास कोणी हललं नाही. मी हळूच वळून पाहिलं तर भाऊजी पुढे वाकून, ड्रायव्हरच्या खांद्यावरून, मीटरकडे बघत होते.

"उभ्या गाडीचं," त्यांनी माझ्या कानात विचारलं, "इथे कसं लावतात रे?"