रावसाहेब, तुमचं नाव रिकामं आहे

नगर जिल्ह्यात साहेब दोन प्रकारचे. काही लोकांनी केलेले, काही बारशालाच झालेले. भाऊसाहेब फिरोदियांचं मूळ नाव कुंदनमल. मुंबई विधानसभेचे ते अध्यक्ष होते, आणि भाऊसाहेब त्यांना लोकांनी केलं. शेवगावचे बाळासाहेब भारदेही तसेच, ते पुढे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले. ही झाली पहिली जात. दुसरी जात जन्मदाखल्यावरच साहेब असते. पाळण्यात दुपट्यावर ओलं करून पडलेलं पोर आणि नाव रावसाहेब. पुढे ते शेळ्या राखो नाहीतर ट्रक चालवो, नाव तेच.

हा फरक मला माहीत होता. मी लिहिलेल्या प्रोग्रामला नव्हता.

मी नगरच्या सावेडीत घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या नातेवाइकांत याला ‘कॉम्प्युटरचं कायतरी करतो’ म्हणतात. एका खेड्यातल्या पतसंस्थेने मला सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म करायला सांगितला. आधीचं रजिस्टर पाहिलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. नावाच्या रकान्यात नाव सोडून सगळं होतं: ‘ऊर्फ तात्या’, ‘गिरणीवाले’, ‘मयत, पण खातं चालू’. मोबाइलच्या रकान्यात एकाने लिहिलं होतं, ‘नाही. शेजारी आहे.’

मी क्लार्कना म्हणालो, ‘‘काका, आता असलं काही घुसणार नाही. चाळण लावतो.’’

चाळण म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, धंद्यातल्या बोलीत रेजेक्स. लोक रकान्यात जे टाइप करतील त्याचा साचा आधी सांगून ठेवायचा. मोबाइल नंबर? पहिला आकडा ६ ते ९, पुढे आणखी ९ आकडे. पॅन? पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. साच्यात बसलं तर आत, नाही तर लाल अक्षरांत ओरडा. हे सगळं काही खुणांच्या भाषेत लिहितात. त्यातल्या दोन खुणा ध्यानात ठेवा. टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. तारा म्हणजे ‘आधीचं कितीही वेळा, अजिबात नसलं तरी हरकत नाही’. तारा काढला स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाने, १९५१ साली, मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचं गणित मांडताना. क्लेनी हे त्याचं आडनाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर क्लीनी किंवा क्लीन होतं. तो स्वतः क्लेनी म्हणायचा, आणि त्याच्या मुलाच्या मते हा उच्चार जगातल्या कुठल्याच भाषेत बरोबर नाही. साच्यांचं शास्त्र काढणाऱ्याचं स्वतःचंच नाव साच्यात बसत नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

मी घरी बसून चाचणी घेतली. नाव: कमल. वडील: छगन. तालुका: नगर. जिल्हा: अहमदनगर. जिल्ह्याचं नाव बदलून वर्ष होत आलं होतं, पण हात जुना होता. ‘फक्त अक्षरं चालतील’ ही अट लावलेली होती. सगळं हिरवं झालं आणि मी चहा प्यायलो.

उद्घाटनाच्या दिवशी चेअरमननी नारळ फोडून पहिला फॉर्म स्वतः भरायला घेतला. जिल्हा: अहिल्यानगर. लाल. पुन्हा भरला. पुन्हा लाल. ‘कृपया फक्त अक्षरे टाका.’ मागे उभ्या असलेल्या कुणीतरी सुचवलं, ‘‘जुनं टाकून बघा.’’ अहमदनगर टाकलं. हिरवं!

चेअरमन माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘‘इंजिनियर, हे सॉफ्टवेअर कुठल्या पक्षाचं आहे?’’

घामाने शर्ट भिजला तेव्हा कारण सापडलं. कॉम्प्युटरला अक्षरं ओळखवणाऱ्या युनिकोड या यादीत देवनागरीला १२८ घरं आहेत. त्यात अ, ह, ल, न ही ‘अक्षरं’ म्हणून नोंदलेली. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण हे सगळे मात्र ‘चिन्ह’ या वेगळ्या जातीत. ‘फक्त अक्षरं’ म्हटलं की हे सगळे दाराबाहेर. अहमदनगरची सातही अक्षरं सुटी, एक काना नाही की एक मात्रा नाही. अहिल्यानगरमध्ये वेलांटी, पाय मोडका ल आणि काना. २०२४ साली सरकारने जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा या तीन चिन्हांचा विचार कुणाच्याही डोक्यात असणं शक्य नव्हतं. माझ्याही नव्हता. मग कुतूहलाने चौदाही तालुके या चाळणीतून काढून पाहिले. अकोले पडलं, संगमनेर पडलं, राहुरी, पारनेर, जामखेड पडलं. कर्जतवर माझी भिस्त होती, पण त्याच्या डोक्यावर रफार निघाला, आणि रफार म्हणजे पाय मोडलेला र. चौदातला फक्त एक पास झाला. नगर. नगरकर नगरला नुसतं नगर का म्हणतात, याचं तांत्रिक कारण हे असावं.

चिन्हांना आत घेतलं. मग पिनकोड. पिनकोडची पद्धत आणली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ते संस्कृतचे कवी. कवीने सहा आकड्यांत देश बसवला. मी मात्र पिनकोड इंग्रजी आकड्यांच्या साच्यात बसवला होता. क्लार्क काकांच्या मोबाइलला मराठी कळफलक. त्यांनी ४१४००१ टाइप केलं. लाल. ‘कृपया अंक टाका.’

‘‘मंग ह्ये काय हाय?’’ काका म्हणाले. ‘‘भाजी?’’

तेही दुरुस्त केलं. खरी मौज पुढे.

पतसंस्थेची तक्रार अशी की एकच माणूस तीन नावांनी सभासद होतो. एकदा ‘श्री. साहेबराव’, एकदा ‘साहेबराव’, एकदा ‘श्री साहेबराव साहेब’. मी म्हटलं, उपाधी काढून टाकू. साच्यात लिहिलं ‘श्री.’ आणि हुकूम दिला, हे सापडेल तिथे पुसून टाक. घाईत विसरलो की रेजेक्समध्ये टिंब म्हणजे टिंब नव्हे. कोणतंही एक अक्षर. ‘श्री. कमल’ मध्ये ते खरंच टिंब होतं म्हणून चाचणीत पास. पण गावाच्या रकान्यात श्रीरामपूर आलं, तेव्हा चाळणीने श्री खाल्ला आणि वर टिंब समजून पुढचा र पण खाल्ला. मागे उरलं ‘◌ामपूर’. ठिपक्यांच्या गोलाला लोंबकळणारा एक अनाथ काना. श्रीगोंद्याचं ‘◌ोंदा’ झालं. काकांनी त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. का, ते मी विचारलं नाही.

टिंबाच्या आधी तिरपी रेघ दिली की ते टिंबच राहतं. दिली. पण निम्मे लोक श्रीपुढे टिंब देतच नाहीत, म्हणून मी ते असलं तर ठीक, नसलं तर ठीक असं केलं. आता श्रीरामपूरचं रामपूर झालं आणि श्रीगोंद्याचं गोंदा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणारे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील कुणाच्या तरी पत्त्यात आले होते, ते ‘पद्म विठ्ठल विखे पाटील’ होऊन बाहेर पडले. कारण तोवर मी ‘राव’ आणि ‘साहेब’ यांनाही उपाधी ठरवून पुसायला लावलं होतं.

संध्याकाळी यादी आली. बाळासाहेबांचे बाळा, नानासाहेबांचे नाना, दादासाहेबांचे दादा, भाऊसाहेबांचे भाऊ. पतसंस्थेची सभासद यादी वाटेना, विटीदांडूचा संघ वाटायला लागला. एवढ्यात काकांचा फोन.

‘‘इंजिनियर साहेब, एक जण काउंटरला उभा हाय. नाव टाकलं की कॉम्प्युटर म्हणतो, नाव टाका.’’

‘‘नाव काय त्यांचं?’’

‘‘रावसाहेब.’’

मी डोळे मिटले. राव गेला, साहेब गेला. उरलं शून्य. पाठीमागून त्या गृहस्थांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ते विचारत होते, की ठेव ठेवायला आलोय, तर आधी मी हाय का न्हाई ते तरी सांगा.

उलटीकडून साहेबराव. तेही शून्य. म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या मते रावसाहेब आणि साहेबराव हे एकच गृहस्थ होते, आणि ते अस्तित्वात नव्हते. एकच माणूस तीन नावांनी येऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था.

टिंब आणि ताऱ्याने मोठमोठ्यांना रडवलंय, ही माझी रात्रीची समजूत. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका नियमात टिंब-तारा अशी जोडी लागोपाठ दोनदा बसली. जुळवाजुळव करता करता जगभरचे सर्व्हर दमले आणि असंख्य वेबसाइटी २७ मिनिटं झोपल्या. पण त्यांच्या काउंटरला रावसाहेब उभे नव्हते.

राहाता तालुक्यातल्या कोऱ्हाळ्याने तर हातच टेकायला लावले. त्यातला ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो. स्क्रीनवर तिन्ही जुळे भाऊ, कॉम्प्युटरला तीन वेगळी गावं. ते प्रकरण इथे काढत नाही, माझं डोकं पुन्हा दुखेल.

आणि गंमत पाहा. या सगळ्या गदारोळात जन्मतारखेच्या रकान्याने एकदाही तक्रार केली नाही. एकसारख्या हिरव्या रांगा. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख ठोकली ती. एका आजींना मी खरी तारीख विचारली तर म्हणाल्या, ‘‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला खडी फोडायला माझ्यासंगं यायचा, त्याच्यावरून लाव की.’’ ही माहिती खरी होती आणि साच्यात बसत नव्हती. १ जून खोटी होती आणि दिमाखात आत गेली.

शेवटी चेअरमननी बोलावून घेतलं. त्यांची सासुरवाडी नेवासा तालुक्यातली. ‘‘शिंगणापूरला कधी गेलाय का?’’ म्हणाले. ‘‘घरांना दारं नाहीत. २०११ साली युको बँकेने तिथं बिनकुलपाची शाखा काढली. बँकेने! आन् तुम्ही आमच्या नावाच्या रकान्याला सात कुलपं लावलीत.’’

शनिदेव माझ्या सर्व्हरवर लक्ष ठेवतील का, हा प्रश्न मी गिळला. त्या रात्री एकेक अट काढली. श्री ठेवला, राव ठेवला, साहेब ठेवला. एकच अट राहिली: रकाना रिकामा नको. दुबार सभासद कोण, हे आता काका यादीवर बोट फिरवून सांगतात. ‘‘ह्यो विहिरीवाला. ह्यो त्याचा चुलता. ह्ये दोन्ही एकच, सही बघा.’’ चुकत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला.

‘‘साहेब, एका बाईनं ‘पतीचे नाव’ मध्ये नुसतं टिंब दिलंय. चालंल का?’’

‘‘विचारलंत का त्यांना?’’

‘‘इचारलं. म्हणती, लिहिण्यासारखं तेवढंच हाय.’’

मी स्क्रीन उघडून पाहिलं. टिंब. हिरवं.

‘‘चालेल,’’ म्हणालो.