सात नग आणि एक साखळी

शीळफाटा या स्थलनामाची फोड करताना 'शीळ' हे जुन्या गावाचे नाव आणि 'फाटा' म्हणजे मुख्य रस्त्याला दुसरा रस्ता फुटतो ती जागा, असा सरळ अर्थ लावावा लागतो; 'शीळ' म्हणजे शिट्टी हा मराठीतला दुसरा अर्थ येथे लावण्याचा मोह अभ्यासकाने टाळलेला बरा, कारण शिट्टी घालत येणारी गाडी थांबावी असे स्थानक या फाट्याच्या वाट्याला अद्याप आलेले नाही. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पोचली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला, तरी शीळफाट्याच्या रहिवाशाला आजही दिवा, मुंब्रा किंवा निळजे गाठावे लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातील ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात, त्याचे दुसरे टोक शीळफाट्यालाच आहे. परंतु ठाण्याचे स्थानक म्हातार्डीला ठरलेले असल्याने ती गाडी येथे उजेडात येईल, थांबणार मात्र नाही. म्हणून या भागातल्या प्रवाशाने चोरांपासून सामान कसे राखावे याचा विचार करताना आरंभ आणि शेवट रिक्षात होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

सामानाच्या संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे ते मोजणे, आणि मोजण्याचे एकक म्हणजे 'नग'. नग याचा अर्थ स्वतंत्रपणे उचलता येणारी, आणि म्हणूनच स्वतंत्रपणे चोरीला जाऊ शकणारी, कोणतीही वस्तू. त्यामुळे चाकांची मोठी बॅग हाही एक नग आणि छत्री हाही एक नगच. कोकणात निघालेल्या कुटुंबाचे घरून निघताना सात नग होतात, रिक्षातून उतरल्यावर सात भरतात, फलाटावर पुन्हा सात भरतात, आणि गाडी पनवेल सोडते न सोडते तोच सहा होतात. मग डबाभर जी शोधाशोध होते तिच्या अखेरीस असे निष्पन्न होते की सातवा नग ही पोळीभाजीच्या डब्यांची पिशवी होती, तिच्यातला ऐवज कुटुंबानेच फस्त केला आणि रिकामी पिशवी मोठ्या बॅगेत गेली. खाण्याच्या वस्तू मोजणीत धरू नयेत, ही सुधारणा दरवर्षी गणपतीच्या आधी सुचवली जाते आणि दरवर्षी अमान्य होते, कारण घरातल्या ज्येष्ठांच्या मते मोजायचे तर सगळेच मोजायचे.

दुसरा उपाय चोरखिशाचा. कपड्याच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने शिवलेला खिसा म्हणजे चोरखिसा. येथे 'चोर' या पूर्वपदाचा अर्थ 'लपलेला' एवढाच असून चोरवाट, चोरदरवाजा आणि चोरपावले ही त्याचीच भावंडे होत. चोरापासून वाचवणाऱ्या वस्तूला त्याचेच नाव देण्यात मराठी भाषेने थोडा मिस्कीलपणा केला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. चोरखिशाचा दोष त्याच्या मालकातच असतो. लपवलेली रक्कम जागेवर आहे की नाही हे मालक दर दहा मिनिटांनी छातीवर किंवा कमरेवर हात फिरवून पाहतो, आणि ज्याला एरवी सारा डबा चाचपून पाहावा लागला असता त्या खिसेकापूला नेमका पत्ता आयता मिळतो.

सर्वांत लोकप्रिय उपाय अर्थातच साखळी. खालच्या बाकाखालच्या कडीत ती अडकवायची, बॅगांच्या मुठींतून ओवायची आणि शेवटी बोटाएवढे कुलूप लावायचे, अशी तिची रीत आहे. कुलूप तोडायला अवघड नसते हे लावणाऱ्यालाही ठाऊक असते. चोराला वेळ लागावा आणि खडखड व्हावी, इतकीच त्यामागची अपेक्षा असते, आणि तेवढ्यापुरता हा उपाय खरोखर चांगला आहे. अडचण निराळीच आहे. साखळीला मालक आणि चोर यांतला फरक कळत नाही. संगमेश्वरसारख्या स्थानकावर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते, आणि पाच बॅगा एकाच साखळीत ओवलेल्या कुटुंबाला किल्ली कोणाकडे आहे या प्रश्नाचा निकाल त्याच दोन मिनिटांत लावायचा असतो. शिवाय साखळीने बांधले जाते ते जड सामान, ज्याला चोर सहसा हात लावत नाही. शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. कोकणातून परतताना त्यातला मोठा भाग तांदूळ, नारळ आणि फणस यांनी व्यापलेला असतो, आणि अंधारातही वासावरून आपला ठावठिकाणा सांगणारा पिकलेला फणस पळवण्याचे धाडस कोणताही विचारी चोर करणार नाही. त्या फणसाला साखळी घालून मालक निर्धास्त झोपतो तेव्हा त्याचा मोबाइल मात्र समोरच्या खटक्यापाशी, चार्जिंगच्या वायरीला लोंबकळत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी असतो. चपलांच्या बाबतीत जुनी पिढी अधिक सावध होती, कारण ती चपला कागदात गुंडाळून थेट पंख्याच्या जाळीवर ठेवत असे.

एवढी खटपट प्रवाशाने स्वतः का करावी, याचे उत्तर कायद्यात सापडते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १०० नुसार सामान रेल्वेच्या स्वाधीन करून पावती घेतली असेल तरच ते हरवल्याची जबाबदारी रेल्वेवर येते; प्रवाशाने जवळ बाळगलेल्या सामानाबाबत मात्र रेल्वेचा किंवा तिच्या सेवकांचा निष्काळजीपणा अथवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. कमरपट्ट्यात ठेवलेले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेलेल्या एका व्यापाऱ्याच्या बाजूने ग्राहक मंचांनी निकाल दिले होते, परंतु जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि स्वतःची चीजवस्तू प्रवाशालाच सांभाळता आली नाही तर त्याला रेल्वेच्या सेवेतील त्रुटी म्हणता येत नाही, असे ठरवले. चोराला मात्र कायदा सोडत नाही: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तक्रार १३९ या क्रमांकावर करता येते आणि गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. लोहमार्ग पोलीस म्हणजे राज्याच्या पोलीस दलाची रेल्वेपुरती शाखा, तर रेल्वे सुरक्षा बल हे केंद्राचे निराळे दल. पूर्वी 'चोरी कुठे झाली?' या प्रश्नापाशी गाडे अडत असे, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर 'झोपेत' असे होते आणि झोप ही कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत येत नाही. आता कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य हद्दीत पाठवता येतो, त्यामुळे निदान झोपेची कायदेशीर अडचण दूर झाली आहे.

कायद्यावर विसंबण्यापेक्षा शेजाऱ्यावर विसंबणे प्रवाशाला बरे वाटते. 'जरा सामानाकडे लक्ष ठेवा हं' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी शेजाऱ्याचे गाव, तालुका, वाडी आणि मुलांची शिक्षणे यांची रीतसर चौकशी होते, आणि तो कणकवलीचा निघाला की त्याच्या सचोटीचा आणखी पुरावा मागितला जात नाही. याउलट ज्याचे गाव कळले नाही तो भामटा. हा शब्द सहज वापरला जातो म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे: इंग्रजी अमदानीत याच नावाच्या एका संपूर्ण समाजावर रेल्वेतील चोर असा शिक्का मारला गेला होता, १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे शिक्के जन्मावरूनच मारले जात, आणि १९५२ साली तो कायदा गेला तरी शब्द मात्र डब्यातल्या संशयात टिकून राहिला. गाव विचारून माणसाची पारख करणारी पद्धत किती विश्वासार्ह आहे, हे यावरून ताडता येईल. ओळख पटलेला कणकवलीचा शेजारी, दरम्यान, घोरू लागलेला असतो.

मात्र हेच प्रवासी दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून सकाळची जलद लोकल पकडतात तेव्हा त्यांचे सारे तत्त्वज्ञान उलटे होते. दारातून आत लोटला गेलेला माणूस आपली सॅक डोक्यावरून पुढच्या माणसाकडे देतो, तो तिसऱ्याकडे, आणि अशी ती हातोहात खिडकीजवळच्या रॅकवर, म्हणजे बाकांच्या वरच्या फळीवर, जाऊन पडते. देणाऱ्याने घेणाऱ्याचा चेहराही पाहिलेला नसतो. घाटकोपर आले की 'ती काळी सॅक द्या जरा' अशी हाक जाते. रॅकवरच्या बहुतेक सॅक काळ्याच असतात, तरीही बहुधा योग्य तीच परत येते, आणि चुकून दुसरी आली तरी त्यात कोणाचा तरी जेवणाचा डबा असतो. येथला खरा धोका रॅकवर नसून दारात आहे. रुळालगत उभ्या राहिलेल्या चोराने दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारायची आणि खाली पडलेला मोबाइल उचलून पळायचे, या प्रकाराला 'फटका' म्हणतात, आणि त्यात फोनपेक्षा तोल जाऊन माणूस गमावण्याची भीती मोठी असते. ज्याने रात्रभर फणसाला साखळी घातली तोच सकाळी दारात एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर बातम्या वाचत असतो.

सावंतवाडीहून निघालेली गाडी संध्याकाळी दिव्याला पोचते तेव्हा साखळी सुटते, नग मोजले जातात, नारळांच्या पोत्यासह ते नऊ भरतात, आणि सारे सामान दिवा-शीळ रस्त्याने जाणाऱ्या रिक्षात चढते. रिक्षाच्या मागच्या बाकामागे सामान ठेवण्याची जी जागा असते तिला दार नसते, कडी नसते आणि तिच्याकडे कोणाची नजरही नसते, तरी मोठी बॅग तिथेच जाते आणि साखळी तिच्यातच असते. पुढे फाट्यावर वाहने एकमेकांना चिकटून उभी राहतात, अर्धा तास जातो, पाऊण तास जातो, चालक इंजिन बंद करतो, आणि कुटुंबातील सर्व जण सामानाकडे पाठ करून शांत झोपी जातात. कारण शीळफाट्याच्या त्या कोंडीत बॅग उचलली तरी ती घेऊन चोर जाणार कुठे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.